इंग्लंडच्या कॉलेजात शिकवायचं, तर कोणता कागद लागतो?

प्रश्न : मी सांगलीत नऊ वर्षं ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवलं. एम.एस्सी., बी.एड. आहे. यजमानांच्या नोकरीमुळे आता स्लाऊला राहते. इथल्या फर्दर एज्युकेशन कॉलेजात शिकवावं असं मनात आहे. एक मैत्रीण म्हणते, क्यूटीएस हवं. दुसरी म्हणते, शिक्षक म्हणून नोंदणी झाल्याशिवाय वर्गावर जाताच येत नाही. खरं काय?
— एक वाचक, स्लाऊ

उत्तर : दोघींनी ऐकलेलं खरंच आहे. पण पहिली शाळेबद्दल बोलते आहे आणि दुसरी जुन्या कायद्याबद्दल.

क्यूटीएस हा शाळेचा परवाना. ही कॉलेजं म्हणजे आपलं ज्युनिअर कॉलेज, आयटीआय आणि मोठ्यांचे संध्याकाळचे वर्ग एकाच छपराखाली. तिथे क्यूटीएस लागत नाही.

नोंदणीची सक्ती मी स्वतः अनुभवली आहे. सप्टेंबर २००७मध्ये इंग्लंडात नियम आला : नव्या शिक्षकाने अध्यापनाची पात्रता मिळवायची, इन्स्टिट्यूट फॉर लर्निंगकडे नाव नोंदवायचं आणि पूर्णवेळ असेल तर वर्षाला ३० तास स्वतःच्या शिक्षणाला द्यायचे. मी २००८मध्ये लेस्टरला आठवड्यातून दोन संध्याकाळी वायरिंग शिकवायला लागलो. २०११मध्ये सरकारने शिक्षकांच्या नोंदणीची वर्गणी भरणं थांबवलं, संस्थेने ६८ पौंड मागितले, शिक्षक संघटनेने विरोध केला आणि रक्कम ३८वर आली. पुढच्या वर्षी लॉर्ड लिंगफील्ड यांच्या समितीने सक्ती काढायची शिफारस केली. नोंदणीची सक्ती २०१२च्या सप्टेंबरअखेर गेली, पात्रतेची २०१३च्या सप्टेंबरात. आता कोणाला घ्यायचं ते कॉलेज ठरवतं. वेल्समध्ये मात्र नोंदणी आजही बंधनकारक आहे, तेव्हा कार्डिफची जाहिरात वाचताना हे ध्यानात ठेवा.

पात्रतेची सक्ती गेली याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या तिसऱ्याच तासाला निरीक्षक मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. नंतर त्यांनी एवढंच विचारलं, "चाळीस मिनिटांत एकाही मुलाच्या हातात वायर का आली नाही?" सोळा वर्षं कारखान्यात काढून मला वायर जोडता येत होती, ती दुसऱ्याच्या हातून जोडून घेणं मी पात्रतेसाठी केलेल्या अध्यापनाच्या डिप्लोमात शिकलो. म्हणून कायदा मागत नसला तरी तो कराच. सध्या लेव्हल ५चा डिप्लोमा इन टीचिंग आहे. बरीच कॉलेजं नोकरीत असतानाच तो करू देतात, मुलाखतीत स्पष्ट विचारा. त्यानंतर सोसायटी फॉर एज्युकेशन अँड ट्रेनिंगचं सभासद होऊन क्यूटीएलएस, म्हणजे कॉलेजातल्या शिक्षकाचा व्यावसायिक दर्जा, घेता येतं. ते ऐच्छिक आहे, पण सभासदत्व चालू ठेवलं तर एप्रिल २०१२पासून त्यावर इंग्लंडच्या शाळेतही शिकवता येतं.

आधी एनिककडून, म्हणजे परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून, तुमच्या पदव्यांचं समकक्षतेचं पत्र मागवा. डीबीएस, म्हणजे गुन्हे-नोंदीची तपासणी, कॉलेजच करून घेतं. भारतातला पोलिसांचा दाखलाही मागतील, तो हाताशी ठेवा.

तुमचा विषय गणित, ही मोठी जमेची बाजू. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, गणितात ग्रेड ४ (उत्तीर्ण होण्याइतकी श्रेणी) न मिळालेल्या मुलांनी सोळाव्या वर्षानंतरही गणित चालू ठेवलं पाहिजे, नाहीतर कॉलेजचा निधी अडतो. त्यामुळे या कॉलेजांना गणिताचे शिक्षक लागतातच. पण हा वर्ग सांगलीच्या अकरावी सायन्ससारखा नाही. प्लंबिंग किंवा केशकर्तन शिकायला आलेली मुलगी गणितात दोनदा नापास झालेली असते आणि "मला जमत नाही" हे तिने मनाशी पक्कं केलेलं असतं. तिच्याशी अपूर्णांकांपासून बोलावं लागतं, तेही तिला लहान मूल न समजता. तुमची नऊ वर्षं इथे कामाला येतील, पण वेगळ्या पद्धतीने.

तेव्हा अर्ज भरण्याआधी जवळच्या कॉलेजच्या गणित विभागप्रमुखांना मेल करा आणि रिसिटचा, म्हणजे फेरपरीक्षेच्या वर्गाचा, एक तास मागे बसून बघू द्या, अशी विनंती करा. नोव्हेंबरची फेरपरीक्षा तोंडावर असेल तेव्हा गेलात तर उत्तम.