खोडव्यात काळा पट्टा निघालाय, काय मारू? काणीबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तर

कोल्हापूरच्या शिरोळ, कागलकडनं सध्या एकाच तऱ्हेचे फोटो येतायत, खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातनं परत फुटलेल्या पिकात, उसाच्या शेंड्यातनं काळा लांब चाबूक बाहेर पडलाय आणि खाली लिहिलंय, "साहेब कोणतं औषध मारू?" ही काणी, उसाचा बुरशीचा रोग. एका पोरानं मात्र, शिकलेला दिसतोय, वेगळंच विचारलंय. म्हणे ही बुरशी लॅबमध्ये साखरेच्या खाद्यावर मस्त वाढते पण तिथली एकच पेशी वाढवून उसाला टोचली तर ऊस ठणठणीत राहतो, मग आमच्या रानात रोग येतो कुठनं? बाकीच्यांचं उत्तर ह्याच प्रश्नात आहे म्हणून तिथनंच सुरू करतो.

त्या काळ्या पट्ट्यावरची भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं उडून उसाच्या डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पडले, ओल मिळाली की रुजतात आणि त्यातनं एकेकट्या बारीक पेशी सुटतात. ह्या पेशी नुसत्या कोंब फुटल्यागत वाढत राहतात, उसाला काही करत नाहीत, करूच शकत नाहीत. त्यांच्यात दोन जाती असतात, आणि विरुद्ध जातीची पेशी जवळ असली की एकमेकींनी सोडलेलं रसायन ओळखून दोघी एक होतात. खरा खेळ पुढं आहे. प्रत्येक पेशीकडं बी-ई आणि बी-डब्ल्यू असे दोन जीन (जनुकं) असतात, त्यांच्यावरनं त्याच नावाची दोन प्रथिनं बनतात, पण तिच्या स्वतःच्या ई चं तिच्याच डब्ल्यू शी जुळत नाही, ई एकीचं आणि डब्ल्यू दुसरीचं असेल तरच जोडी बनते. बँकेच्या लॉकरचं बघा की, एक किल्ली तुमची, एक मॅनेजरची, एकट्यानं उघडत नाही. ही जोडी बनली की ती डीएनएवर बसून बाकीचे कितीतरी जीन चालू-बंद करायला लागते: कोंब फुटायचं थांबतं, पेशीचा लांब धागा होतो, तो डोळ्यातनं आत घुसतो आणि उसाची प्रतिकारशक्ती दाबणारी प्रथिनं सोडायला लागतो. म्हणजे बुरशी तीच, जीनही तेच, पण कोणते चालू आणि कोणते बंद यावर ती निरुपद्रवी का रोगट हे ठरतं. हे सगळं आधी मक्याच्या काणीवर उलगडलं, तिचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळ्या जीनचा संच, २००६ साली वाचून झाला, उसाची काणी तिचीच भावकी आहे आणि हिच्यातही व्यवस्था तीच आहे.

आता औषधाचं. धागा आत गेला की थेट वाढीच्या कोंबात जाऊन बसतो आणि उसाबरोबर वर सरकतो, बाहेरनं फारसं काही कळत नाही. पुढं साधारण दोन ते चार महिन्यांनी जीनची मांडणी परत बदलते, बीजाणू तयार करायचं काम सुरू होतं आणि शेंड्याचाच चाबूक होतो. म्हणून चाबूक दिसल्यावर फवारणी म्हणजे निव्वळ पैसे घालवणं, त्या उसात वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. युरिया वाढवूनही काणी जात नाही, एकानं तसं विचारलंय म्हणून सांगितलं.

करायचं ते असं. चाबकावर सुरवातीला चंदेरी पातळ पापुद्रा असतो, तो फाटायच्या आत सकाळच्या वेळी हळूच वरनं पिशवी घाला, तोंड बांधा, मगच कापा, आणि अख्खं बेट, म्हणजे एका बुडख्यातनं फुटलेले सगळे ऊस, मुळासकट काढून जाळा. विळ्यानं सपासप कापून बांधावर टाकायची जी पद्धत आपल्याकडं आहे ना, त्यानं तुम्ही स्वतःच्या हातानं शेजाऱ्याच्या रानात काणी पेरता. शेजाऱ्यालाही सांगा, एकट्यानं काढून भागत नाही. दहा टक्क्यांच्या वर बेटं लागली असतील तर खोडवा ठेवूच नका, कितीही जिवावर आलं तरी. ओल्या जमिनीत बीजाणू रुजतात आणि ऊस मिळाला नाही की मरतात, कोरड्यात मात्र जास्त टिकतात, त्यामुळं मोडल्यावर मध्ये सोयाबीन किंवा भुईमूग घेऊन पाणी दिलं तर फायदाच आहे.

नव्या लागणीचं बेणं काणीच्या प्लॉटमधनं, किंवा त्याच्या शेजारच्या निरोगी दिसणाऱ्या उसातनंसुद्धा, घेऊ नका, कारण डोळ्याच्या आत काय बसलंय ते दिसत नाही. मूलभूत बेण्याला, म्हणजे ज्यातनं पुढचं बेणं वाढवतात त्याला, ५४ अंशाच्या उष्ण बाष्पात १५० मिनिटं ठेवतात ते ह्यासाठीसुद्धा, आतली बुरशी मरते आणि डोळा जगतो. हे घरी पातेल्यात करायला जाऊ नका, अंदाज चुकला की उगवणच जाते, कारखान्याच्या बेणेमळ्यातनंच घ्या. लावायच्या आधी टिपरी (बेण्याचे तुकडे) १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून १० ते १५ मिनिटं बुडवा, हातमोजे घालून. पण डोळ्यात आधीच खोल बसलेल्या काणीला नुसतं बुडवणं पुरत नाही, त्यामुळं बेणं कुठलं हा प्रश्न आधी आणि औषध नंतर.

त्या पोराचा शेवटचा प्रश्न होता की मग हे जीनच बंद पाडणारं औषध का मारत नाही. जगभर त्यावर संशोधन चालू आहे, पण उसाच्या काणीसाठी दुकानात आज तसलं काही मिळत नाही. कुणी जीन टेक्नॉलॉजी म्हणून बाटली पुढं केली तर लेबलवर ऊस आणि काणी दोन्ही छापलंय का बघा आणि पक्कं बिल मागा, बहुतेक तिथंच विषय मिटतोय.