सॉकर म्हणावे की फुटबॉल?

न्यूजर्सीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलीच्या शाळेतल्या सामन्यांवर त्यांनी तिथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिला आणि त्यात सगळीकडे ‘फुटबॉल’ असे लिहिले. एका मित्राने सुचवले, ‘सॉकर’ करा, नाहीतर इथली मुले गोंधळतील. दुसऱ्याचे म्हणणे, सॉकर हा अमेरिकनांनी केलेला बिघाड आहे, आपण कशाला उचलायचा? जगाहून वेगळे नाव ठेवले म्हणूनच तो खेळ अमेरिकेत रुजला नाही, अशी पुस्तीही त्यांनी जोडली. यातले खरे काय, आणि मराठीत लिहावे काय?

दुसऱ्या मित्राचे म्हणणे आधी घेतो, कारण ते फार ठिकाणी ऐकू येते आणि ते चूक आहे. सॉकर हा शब्द जन्माने इंग्लंडचा. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली. तिच्या नियमांनी खेळतात तो ‘असोसिएशन फुटबॉल’ आणि चेंडू हातात घेऊन पळता येतो तो ‘रग्बी फुटबॉल’, अशी वाटणी पडली. नुसते फुटबॉल म्हटले की ‘कुठला?’ हा प्रश्न तेव्हा इंग्रजांनाच पडत असे. पुढे १८८० नंतरच्या काळात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांत शब्द छाटून त्याला ‘अर’चे शेपूट लावायची टूम निघाली. रग्बीचा ‘रगर’ झाला, ब्रेकफास्टचा ‘ब्रेकर’, फ्रेशमनचा ‘फ्रेशर’. आपल्या कॉलेजांतली फ्रेशर्स पार्टी याच कुळातली. ‘असोसिएशन’ थोडक्यात लिहिताना पहिली पाच अक्षरे घेत, त्यांचा उच्चार ‘असॉक’. त्यातला ‘सॉक’ उचलला, शेपूट लावले, सॉकर तयार. चार्ल्स व्रेफर्ड-ब्राउन या ऑक्सफर्डच्या खेळाडूने तो पहिल्यांदा वापरला अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे, पण मी ती आख्यायिकाच समजतो. कॉलेजातले असे शब्द एका माणसाचे क्वचितच असतात.

इंग्लंडमध्ये हा शब्द चांगला शंभर वर्षे फुटबॉलच्या जोडीने नांदला. ‘वर्ल्ड सॉकर’ हे मासिक १९६० साली निघाले ते लंडनहून. हा शब्द ‘अमेरिकन’ म्हणून टाकायची सवय इंग्रजांना लागली ती साधारण १९८० नंतर. म्हणजे शब्द पाठवला त्यांनी, आणि नावे ठेवताहेत तेच. मला हा अमेरिकनांवर उघड अन्याय वाटतो.

आता अमेरिका. तुमच्याच राज्यात, न्यू ब्रन्सविकला, ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन या कॉलेजांचा सामना झाला. एका बाजूला २५ जण. चेंडू हातात घेऊन पळायला बंदी. रटगर्स ६-४ ने जिंकले. हेल्मेट घालून खेळतात त्या अमेरिकन फुटबॉलचा इतिहास याच सामन्यापासून मोजतात, पण नियम बघाल तर तो सॉकरच्याच अधिक जवळचा आहे. पारडे फिरले ते हार्वर्डमुळे. १८७४ मध्ये हार्वर्डची मुले कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठाशी रग्बीच्या धर्तीवर खेळली, आणि त्यांना तोच खेळ आवडला. मग येलच्या वॉल्टर कँप यांनी १८८० च्या सुमारास त्या रग्बीला आजचे रूप द्यायला सुरुवात केली. दोन्ही फळ्या समोरासमोर उभ्या राहतात ती रेषा आली, मग ठरावीक प्रयत्नांत ठरावीक यार्ड पुढे जाण्याचा नियम आला. यार्डांच्या रेघांनी मैदान भाजायच्या जाळीसारखे दिसू लागले, म्हणून त्या खेळाला ‘ग्रिडायर्न’ असेही नाव पडले. मोठी कॉलेजे त्याच्या मागे गेली. शरद ऋतूतला खेळाचा हंगामही त्याचा झाला आणि ‘फुटबॉल’ हे नावही.

उरलेल्या खेळाला मग सॉकर म्हणावे लागले. पण ही माघार एका दिवसात झालेली नाही, आणि मला या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच वाटते. १९१३ मध्ये राष्ट्रीय संघटना निघाली तिचे नाव ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल असोसिएशन’. १९४५ मध्ये ती ‘युनायटेड स्टेट्स सॉकर फुटबॉल असोसिएशन’ झाली. १९७४ मध्ये फुटबॉल गळून ‘युनायटेड स्टेट्स सॉकर फेडरेशन’ उरली. ‘फुटबॉल म्हणजे आम्हीच’ हा हक्क सोडायला त्यांना साठ वर्षे लागली.

म्हणून खेळ मागे पडला त्याचे नाव हे कारण नव्हे, परिणाम आहे. जपान बघा. तिथे या खेळाला ‘साक्का’ म्हणतात, तो सॉकरचाच जपानी उच्चार. तरी १९९३ मध्ये जे-लीग ही तिथली व्यावसायिक लीग सुरू झाली आणि मैदाने भरली. नावाने खेळ मरत असता तर तिथेही मेला असता.

खरी कारणे दुसरी आहेत. १९२० च्या दशकात अमेरिकेत हा खेळ चांगला जोरात होता. पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीचा संघ होता, मॅसॅच्युसेट्सच्या फॉल रिव्हर या कापड गिरण्यांच्या गावाचा वेगळा. स्थलांतरित कामगार खेळत, तेच बघायला येत. १९३० च्या पहिल्या विश्वचषकात अमेरिका उपांत्य फेरीत पोचली ती या पिढीच्या जोरावर. पण त्याआधीच, १९२८ मध्ये, संघटना आणि व्यावसायिक लीग यांच्यात कप स्पर्धेवरून भांडण पेटले, मागोमाग महामंदी आली आणि १९३३ पर्यंत ती लीग संपली. खेळावरचा ‘परक्यांचा खेळ’ हा शिक्का मात्र राहिला. बेसबॉल देशाचा आणि सॉकर बोटीतून उतरलेल्यांचा, असा तो हिशेब.

दूरचित्रवाणीने त्यात भर घातली. पंचेचाळीस मिनिटे खेळ थांबत नाही, मग जाहिरात घालायची कुठे? ग्रिडायर्नमध्ये दर थोड्या वेळाने जागाच जागा. शिवाय सॉकरवाल्यांनी अमेरिकन प्रेक्षकाला रिझवायला खेळच वाकवून पाहिला. १९९६ मध्ये दहा संघांनिशी सुरू झालेल्या मेजर लीग सॉकरमध्ये बरोबरीचा निकाल नको म्हणून ३५ यार्डांवरून एकेकाने गोलकीपरवर धावून जायचे, आणि घड्याळ उलटे शून्याकडे चालायचे. जाणते प्रेक्षक चिडले, नवे आले नाहीत. १९९९ च्या हंगामानंतर दोन्ही बंद केले ते फार बरे झाले.

‘रुजला नाही’ हे तरी कितपत खरे? १९७७ मध्ये पेलेच्या न्यूयॉर्क कॉसमॉसचा सामना बघायला ७७ हजारांवर लोक आले होते, तेही न्यूजर्सीतच. १९९९ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला कॅलिफोर्नियातल्या रोझ बोल स्टेडियममध्ये ९०,१८५ प्रेक्षक होते. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने शाळा-कॉलेजांत मुलींच्या खेळांना दारे उघडली, आणि अमेरिकेच्या मुलींनी चार विश्वचषक आणले. २०१८ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेल्या, गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत बघायला सर्वांत आवडता खेळ म्हणून सॉकरचे नाव ७ टक्क्यांनी घेतले, बेसबॉलचे ९ टक्क्यांनी. अमेरिकन फुटबॉल मात्र ३७ टक्क्यांवर. देशाचा पहिला खेळ तो नाही, पण त्याला परका म्हणण्याचे दिवस गेले.

शब्दही पुन्हा सरकतो आहे. एफसी डॅलस, ऑस्टिन एफसी, अटलांटा युनायटेड ही संघांची नवी नावे युरोपच्या वळणाची; एफसी म्हणजे ‘फुटबॉल क्लब’. मेस्सीच्या इंटर मायामीपुढे तर ‘सीएफ’ लागते, म्हणजे स्पॅनिश ‘क्लुब दे फुटबोल’. अमेरिकेतली लाखो स्पॅनिशभाषक कुटुंबे घरात ‘फुटबोल’च म्हणतात.

तेव्हा तुमच्या लेखात ‘सॉकर’ करा, पहिल्यांदा येईल तिथे ‘सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल’ एवढे लिहा. मुलगी ज्या नावाने खेळते ते नाव लेखात असावे. हेल्मेटवाल्या खेळाला दर वेळी ‘अमेरिकन फुटबॉल’ म्हणा. विषय इंग्लंडचा, ब्राझीलचा, गोव्याचा किंवा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर उतरणाऱ्या तालमींच्या संघांचा असेल तर फुटबॉलच लिहा, तिथे सॉकर उपरा वाटतो. विश्वचषकालाही ‘फुटबॉलचा विश्वचषक’ म्हणणेच बरे, मग यजमान अमेरिका का असेना. आणि मेजर लीग सॉकरचे ‘मेजर लीग फुटबॉल’ करू नका. ते विशेषनाम आहे, आणि तिथल्या वाचकाला त्यातून दुसराच खेळ आठवेल.