पडताळणीच्या कामात अडकून पडेन का?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला मायक्रोप्रोसेसरची रचना करायची आहे. परंतु नवख्यांना आधी पडताळणीचे, म्हणजे व्हेरिफिकेशनचे (चिप बनण्याआधी तिची रचना बरोबर चालते का हे तपासण्याचे), काम दिले जाते असे ऐकतो. त्याने मी मागे पडेन का?

उत्तर : नाही, उलट प्रोसेसर आतून कसा चालतो हे तिथेच नीट उमगते. १९७१ च्या इंटेल ४००४ या प्रोसेसरमध्ये सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. आजच्या मोठ्या चिपवर ते अब्जावधी असल्याने एकेका विभागासाठी स्वतंत्र चमू लागतो, आणि पडताळणीला बहुधा रचनेहून अधिक माणसे लागतात. सिलिकॉनवर, म्हणजे तयार चिपवर, उतरलेली चूक काढणे फार महागात पडते. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरमधील भागाकाराच्या तक्त्यात काही नोंदी गळाल्या होत्या. १९९४ साली ते उघड झाल्यावर इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड बसला.

व्हेरिलॉग ही सर्किटचे वर्णन लिहिण्याची भाषा शिकाच, पण तिला निव्वळ प्रोग्रामिंगची भाषा समजू नका (ही सवय मोडायला बराच काळ जातो); प्रत्येक ओळीतून कोणते फ्लिपफ्लॉप (एकेक बिट साठवणारी सर्किटे) उभे राहतील हे डोळ्यांसमोर आले पाहिजे. रिस्क-व्ही हा आज्ञासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांचा संच, सर्वांना खुला आहे. त्यावर पाच टप्प्यांची पाइपलाइन (एक आज्ञा पुरी होण्याआधीच पुढची सुरू करणारी रचना) स्वतः लिहा, आणि लोड आज्ञेने मेमरीतून आणायची किंमत हाती येण्याआधीच पुढच्या आज्ञेने तेच रजिस्टर (प्रोसेसरमधील छोटी साठवण) मागितले, तर पाइपलाइन एक चक्र, म्हणजे क्लॉकचा एक ठोका, कशी थोपवायची हे सिम्युलेटरमध्ये सोडवा. माझ्या मते मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा असे काम अधिक बोलते. पदव्युत्तर पदवीने रचनेच्या चमूत शिरणे सोपे जाते, पण ती अनिवार्य नाही.