पुढचं एकच चाक तापतं आणि गाडी त्या बाजूला ओढते. ब्रेक धरून राहतोय का?

हो, ब्रेकच धरून राहतोय, आणि दोष बहुधा कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिनांत (ज्यांवर कॅलिपर सरकतो) किंवा पिस्टनमध्ये (पॅड ढकलणारा दट्ट्या) आहे. गॅरेजमध्ये आम्ही असं तपासतो: गाडी जॅकवर उचलून स्टँड लावायचा, ब्रेक दाबून सोडायचा, चाक हाताने फिरवायचं. अडकलं तर ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ब्रेक ऑइल सोडायचा स्क्रू) किंचित सैल करायचा. ब्रेक ऑइल उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत कोंडलाय, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज (नळी) आतून बुजलाय. तरीही घट्टच राहिलं, तर पिन किंवा पिस्टन जाम. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीसच लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पिस्टन गंजला असेल तर कॅलिपरच बदला. मात्र दोन्ही पुढची चाकं धरत असतील, तर आधी मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) बघा.