घरचा रविवार आणि रामटेकची फेरी

प्रश्न : मी ३९ वर्षांचा असून हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला आहे. पत्नी शिक्षिका आहे आणि मुलगी चौथीत शिकते. जानेवारीतील ४० किलोमीटरच्या सायकल टाइम ट्रायलसाठी (एकट्याने घड्याळाशी स्पर्धा करण्याच्या शर्यतीसाठी) मी आठवड्याला सुमारे १४ तास सराव करतो. रोज पहाटे साडेचारला उठतो आणि रविवारी गटासोबत रामटेकला जाऊन येतो. ‘तुम्ही रविवारी घरी असता, पण नसल्यासारखेच,’ असे पत्नी म्हणते. आपल्याच नागपुरातील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करण्याची ‘रॅम’ ही सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली. मग मला साधा आठवडा का सांभाळता येऊ नये?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : आपल्या पत्नीचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले, कारण आपल्या सरावातील चूकही त्याच वाक्यात सापडते. ‘रॅम’मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटर अंतर १२ दिवसांच्या आत कापावे लागते, तिथे तासन् तास खोगिरावर बसण्याची सवय हाच पाया असतो. आपली शर्यत मात्र तासाभराची, फार तर सव्वा तासाची आहे. तिच्यासाठी दर रविवारी १०० किलोमीटरची फेरी, वाटेतले तर्री पोहे आणि गटातील कोणाचे पंक्चर निघेपर्यंतचे थांबणे, यांतील फारच थोडा भाग सराव म्हणता येईल. बाकीचा वेळ मित्रांच्या सहवासाचा आहे. तो सहवास मोलाचा आहे, पण त्याला सरावाचे नाव देऊन घरच्यांकडे सवलत मागणे मला योग्य वाटत नाही.

आपल्याला सात-आठ तास पुरतील. आठवड्यात दोनच दिवस खरे कष्टाचे ठेवावेत : एकदा शर्यतीच्या वेगाच्या जवळपास २० मिनिटांचे दोन टप्पे आणि एकदा त्याहून जोरकस असे चार-चार मिनिटांचे चार-पाच टप्पे. हे दोन्ही घरातील ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवण्याच्या स्टँडवर करावेत, कारण तिथे ना सिग्नल ना अमरावती रोडवरचे ट्रक, आणि एका तासात काम आटोपते. समोर पंखा मात्र हवाच. वाऱ्याविना शरीर लवकर तापते आणि पाय चालत असूनही ताकद घसरते. डिसेंबरअखेर आपल्याकडे पावणेसातच्या सुमारास सूर्योदय होतो, त्यामुळे साडेचारला उठून अंधारात रस्त्यावर उतरण्याचे कारणही उरत नाही. ती झोप शरीराला द्यावी, कारण सरावाने थकलेले स्नायू विश्रांतीतच बळकट होतात. सकाळी उठल्यावरची नाडी सलग दोन-तीन दिवस नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त लागली, तर त्या दिवशीचा कष्टाचा सराव निःसंकोच सोडावा.

उरलेल्या दोन सोप्या फेऱ्यांपैकी अडीच-तीन तासांची एक रविवारी ठेवावी आणि परतण्याची वेळ आदल्या रात्री सांगावी. नऊ म्हटले तर नऊलाच दारात असावे, मग गट पुढे गेला तरी चालेल. घरच्यांना आपल्या जाण्याइतकाच ‘येतोच’ म्हणून लांबणाऱ्या वाट पाहण्याचा त्रास होतो. त्या वाट पाहण्यात मुलीचा अभ्यास, बाजार आणि पाहुणे सारे अडकून पडते. घरी आल्यावर दुपारभर झोपून काढली, तर तीही सायकलचीच वेळ धरावी.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी लिहितो. आपल्याला सात तास मिळतात तेव्हा पत्नीलाही तितके नाही, तरी तीन-चार तास स्वतःचे मिळाले पाहिजेत. त्या वेळी मुलगी आणि स्वयंपाकघर दोन्ही आपल्याकडे असावे, आणि ‘डबा कुठे आहे’ असे विचारायला फोनही करू नये.

शर्यतीनंतर मार्च-एप्रिलमध्ये मजेची सायकल चालवावी आणि मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे जातो आणि शाळेलाही सुट्ट्या असतात तेव्हा, दोन-तीन आठवडे सायकल पूर्ण बंद ठेवावी. तेवढ्या खंडाने घटलेला दम जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर काही आठवड्यांत भरून येतो आणि जानेवारीपर्यंत हाताशी सहा महिने उरतात.