वाचकांचे प्रश्न : सेकंडहँड कॅम्पर व्हॅन बघायला जाताय?

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : दादा, रत्नागिरीत २०१६ ची एक ट्रॅव्हलर विकायला आहे. आत बेड, ओटा, सिंक, टपावर सोलर सगळं केलेलं आहे, मालक साडेनऊ लाख म्हणतोय. फोटो बघूनच घरचे खूश झालेत. रविवारी बघायला जातोय, सोबत मेकॅनिक नेऊ की फर्निचरवाला? आणि नेमकं काय काय तपासायचं?

उत्तर : मेकॅनिकच न्या. पण त्याच्याही आधी मालकाकडून आरसीचा फोटो मागवून घ्या, कारण बऱ्याच ट्रॅव्हलर आधी स्टाफ बस नाहीतर टुरिस्ट गाडी म्हणून पासिंग झालेल्या असतात आणि मग कोणीतरी सीटा काढून आत घर उभं करतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओची परवानगी घेऊन आरसीवर चढवून घ्यावा लागतो. आरसीवर अजून बस आणि १३ सीटा आणि आत बघावं तर बेड, असं असेल तर पासिंगला अडणार, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते. मालक म्हणेल आजपर्यंत कुणी अडवलं नाही. तरी हे काम गाडी त्याच्या नावावर असतानाच त्याने करून द्यायचं, नाहीतर ही गाडी सोडा, माझं मत स्पष्ट आहे. नंबर प्लेट पिवळी असेल तर फिटनेस कधीपर्यंत आहे बघा (आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग लागतं), परमिट आणि टॅक्सची थकबाकी विचारा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा अर्ज) मागा. ई-चलन ऑनलाइन दिसतातच.

आता गाडी. रत्नागिरीची म्हणजे खारी हवा, त्यामुळे गंज हा तिथला पहिला प्रश्न. खाली चटई टाकून टॉर्च घेऊन झोपा आणि चासी, फुटबोर्डची खालची बाजू, चाकांच्या वरचे पत्रे, दरवाज्यांच्या खालच्या कडा सगळं स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, टणक आवाज आला पाहिजे, भसका आला किंवा पापुद्रे पडले तर पत्रा गेलेला आहे. खालून नुकताच काळा कोट मारलेला दिसला तर जास्त संशय घ्या, विकायच्या तोंडावर तो कशाला मारला हे सरळ विचारा.

त्यानंतर पाणी, आणि मला विचाराल तर कॅम्परमध्ये सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. सोलर, व्हेंट, एसी यांच्यासाठी टपाला जी भोकं पाडली असतात तिथलं सीलंट काही वर्षांनी चिरतं, पाणी प्लायच्या मागे उतरतं आणि वरून लॅमिनेट मात्र चकाचक. म्हणून दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्या, कुबट वास आणि त्यावर भरपूर एअर फ्रेशनर असेल तर समजून जा. गाद्या उचला, कपाटांचे कोपरे, खिडक्यांच्या खालचा प्लाय अंगठ्याने दाबा, मऊ लागला तर आत कुजलंय. मालकाला सांगून टपावर पाइपने पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडा आणि तुम्ही आत बसून बघा. नाही म्हणाला तर पावसात परत जा, कोकणात पावसाची वाट फार बघावी लागत नाही.

इंजिन मेकॅनिक बघेलच, फक्त आधी सुरू करून ठेवू नका असं मालकाला कळवा, थंड इंजिनच खरं बोलतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसला तर कूलंट मिसळतंय का हे तपासून घ्या. टायरवरचे शेवटचे चार आकडे बघा, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅम्पर बराच काळ उभी असते, नक्षी नवी दिसते पण रबर तडकलेलं असतं.

आणि एक गोष्ट कोणी करत नाही ती करा, गाडी काट्यावर न्या. प्लाय, बॅटऱ्या, भरलेली टाकी (१०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो), वर माणसं आणि सामान, सगळं मिळून आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत बसतंय का बघा, नाहीतर आंबा घाटात ब्रेक आणि पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) दोन्ही बोंबलतील.

प्रश्न (तेच वाचक) : गॅस आणि बॅटरीचं काय?

उत्तर : गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलेंडरच्या कप्प्यात तळाला बाहेर उघडणारं भोक पाहिजेच, ते नसेल तर करून घेईपर्यंत त्या गाडीत शेगडी पेटवू नका. नळीवरची तारीख बघा, जोडांना साबणाचं पाणी लावा. बॅटरी लेड-ॲसिड असेल तर काही न लावता, चार्जिंग बंद करून काही तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे, मग फ्रिज आणि पंखा तासभर चालवून किती उतरते ते बघा. एखादा बोर्ड उघडून वायरिंग बघा, नुसती टेप गुंडाळलेले जोड आणि बॅटरीजवळ फ्यूज नाही असं दिसलं तर सगळं वायरिंग नव्याने करायचं धरून किंमत पाडा.

प्रश्न : मालक म्हणतोय दुसरा गिऱ्हाईक आहे, आजच टोकन द्या.

उत्तर : देऊ नका. द्यायचंच ठरलं तर बँकेतून द्या, आणि आरसीवर बदल चढला नाही किंवा बोजा उतरला नाही तर पैसे परत, असं लिहून त्याची सही घ्या. फॉर्म २९ आणि ३० (गाडी तुमच्या नावावर करायचे अर्ज) वर सह्या झाल्याशिवाय उरलेली रक्कम सोडू नका.