आमटी कुणाच्या आईसारखी?

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरी, फ्लॅटचा हप्ता, पुण्याचं ट्रॅफिक, सगळं चार पानं भरून लिहिलंस. पण खरं दुखणं शेवटच्या दोन ओळींत सापडलं. ‘आमटी आईसारखी होत नाही, आणि मी तसं म्हटलं की बायको गप्प होते.’ वर्गात असतास तर या वाक्यासाठी तुला बाकावर उभं केलं असतं.

माझंच सांगते. मी साताऱ्याची, दिली रत्नागिरीला. माहेरी आमटी म्हणजे चिंचेचा कोळ, गूळ, कांदा-लसूण मसाला आणि वर लाल तवंग. सासरी आमसुलं, ओलं खोबरं, हिरवी मिरची. लसूण औषधालाही नाही. पहिल्याच आठवड्यात मी हौसेने माहेरचा मसाला दोन चमचे घातला. मामंजींनी एक घास घेतला, पाण्याचं भांडं उचललं, रिकामं करून खाली ठेवलं आणि विचारलं, “ताक आहे का?” बस, एवढंच. मी मोरीत जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, घ्या तुमची आमसुलं, आणि ती डाळीबरोबर कुकरमध्येच टाकली. पाच शिट्ट्या झाल्या तरी डाळ आपली दाणेदार. आंबट आधी पडलं की डाळ लवकर शिजत नाही, हे विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना ठाऊक नव्हतं! सासूबाई झाकण उघडून हसल्या. म्हणाल्या, “आधी घोट, मग पाणी, उकळी आली की आमसूल.”

त्यानंतर कधीतरी, नक्की कोणत्या दिवशी ते कळलंसुद्धा नाही, आमच्याकडे तिसरीच आमटी व्हायला लागली. आमसूल त्यांचं, गूळ माझा, मसाला अर्धा चमचा. तशी आमटी ना माझ्या आईने कधी केली, ना त्यांच्या. आता माझी लेक फोनवर कुरकुरते, “तुझ्यासारखी होत नाही गं.”

म्हणून सांगते, पुढच्या बुधवारी स्वयंपाकघरात तू शिर. रविवारी नको, रविवारी सगळेच शेफ होतात. वाटीभर तूरडाळ अर्धा तास भिजव. हळद, हिंग, थेंबभर तेल घालून कुकरला लाव. बाहेर काढल्यावर रवीने चांगली घोट. न घोटलेल्या आमटीत डाळ तळाशी आणि पाणी वर राहतं, मग मसाल्याला नावं ठेवून उपयोग नाही. फोडणीत मोहरी पूर्ण तडतडू दे. घाई करशील तर दाताखाली कडू लागेल. हळद टाकलीस की लगेच डाळ ओत, ती पटकन करपते.

आणि पुढचं तिला विचार. तिच्या माहेरचं गाव तू पत्रात लिहिलंयस, आमटी नाही लिहिलीस. सोलापूरकडची आहे ना? मग तिच्या डब्यात येसर असेल. धान्य, डाळी भाजून मसाल्यांबरोबर दळलेलं ते पीठ. त्याने आमटी दाटते आणि असा खमंग वास सुटतो की शेजारी दार उघडून बघतात. लग्नाच्या पंगतीत ती आमटी लोक वाटीने पितात. गेले सहा महिने तो डबा मागच्या फळीवर गप्प पडला असणार, तिच्यासारखाच.

भात इंद्रायणीचा लावा. तोही दोन घरांचाच आहे, आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून १९८७ साली आलेला. मऊ, थोडा चिकट, आमटी धरून ठेवतो. तांदूळ नवा असेल तर पाणी जरा हात राखून घाल.

बिघडली तर बिघडली. “आई असं करायची” हे मात्र निदान महिनाभर तोंडातून काढू नकोस. आईला फोन करून प्रमाण विचारायचं तर खुशाल विचार, पण बायकोसमोर नको. उरलेल्या आमटीत दुसऱ्या दिवशी कणकेच्या चकत्या सोडा, वर तूप. चकोल्यांवरून भांडताना मी अजून कुणाला पाहिलेलं नाही.

मे महिन्यात दोघं या. येताना तिच्या आईकडचं वाटीभर येसर आणा. आमसुलं माझ्याकडे आहेत, गच्चीवर वाळत घातलीत.

तुझ्या,
बाई